रविवारची सही

वेदरशॉ, १६ सप्टेंबर १९७४

प्रिय विल्फ,

हे वाचण्याआधी खुर्चीत नीट बस, कारण तुझे गुडघे आता उभ्याने हसण्याच्या लायकीचे राहिलेले नाहीत. तुझी बहीण मॅजिस्ट्रेट झाली. लोकर आणि दोरा विकणारी एडिथ एन्टविसल गेल्या मंगळवारी राणीच्या नावाने शपथ घेऊन न्यायासनावर बसली. पगार नाही, कायद्याची परीक्षा नाही. गावातली बऱ्या चालीची दिसणारी माणसं धरून बसवतात, ते तुला माहीतच आहे. आम्ही तिघं बसतो. मधे निवृत्त हेडमास्तर, एका बाजूला बेकरीवाले आणि दुसऱ्या बाजूला मी. कायदा काय तो आमच्या पुढ्यात खाली बसलेल्या कोर्टाच्या क्लार्कना, मिस्टर ऑर्मरॉडना, येतो. अडलं की ते मान मागे वळवतात आणि आम्ही तिघं गृहपाठ न केलेल्या पोरांसारखे पुढे वाकतो.

शपथेत म्हणायचं असतं की कुणाची भीती नाही, कुणावर मेहेरनजर नाही, माया नाही आणि आकसही नाही, अशा मनाने मी सगळ्यांना न्याय देईन. माझा आवाज मायेपाशी अडला. बाकीचं जमेल रे, पण चौपन्न वर्षं एकाच गावात काढलेल्या बाईने माया नेमकी कुठल्या खुंटीला टांगून जायची?

कोर्ट अजून पोलीस ठाण्याच्या आवारातच आहे. आमचा चहा ठाण्यातून येतो. ज्यांनी माणूस पकडला त्यांचाच इन्स्पेक्टर डक्सबरी आमच्यापुढे खटला चालवतो. गावातली जुनी माणसं अजून त्या जागेला पोलीस कोर्टच म्हणतात. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्याने मला विचारलं की बाई, तुम्ही पोलिसांत कुठल्या हुद्द्यावर. मी म्हटलं, मी पोलिसांत नाही. तो म्हणाला, बरं, नसेल सांगायचं तर राहू दे.

तीस वर्षं पोलिसात राहून तू माणसं पकडलीस, आता मी सोडते की नाही बघ. उपदेश असेल तर लवकर पाठव.

तुझी एडी

*

मोरकम, २० सप्टेंबर १९७४

प्रिय एडी,

हसलो. गुडघा दुखला. माझी मेबल आज असती तर तिने शेजारच्या सगळ्या दारांवर जाऊन सांगितलं असतं.

उपदेश एकच. समोरच्या माणसाला खोटं बोलून सुटका मिळते, कॉन्स्टेबलला खोटं बोलून काही मिळत नाही. एवढं लक्षात ठेवलंस की तुझं निम्मं काम झालं. बाकीचं निम्मं ऑर्मरॉड करेल.

आणखी एक. कधीतरी रविवारी तुझं दार वाजेल. झडतीचं वॉरंट हवं असतं आणि कोर्ट बंद असतं, तेव्हा पोलीस मॅजिस्ट्रेटच्या घरी जातो. तो बायबलवर हात ठेवून शपथ घेईल, कागद वाचून दाखवेल, आणि तू सही करशील. दाराशी उभा राहणाऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असतो, म्हणून उगाच घोळ घालू नकोस. आमचे म्हातारे डॉक्टर मॅजिस्ट्रेट बागेत गुलाब छाटत असायचे. मी वाकायचो, आणि ते माझ्या पाठीचं टेबल करून सही करायचे. कागद कधी पूर्ण ऐकला नाही त्यांनी. आमच्यात तेवढा विश्वास होता.

कॉलिन शॉरॉक तुमच्याच ठाण्यात आला आहे. तुला आठवतो ना? त्याचा बाप माझ्याबरोबर गस्त घालायचा. बाप गेल्यावर मेबलने आणि मी कॉलिनला चार वर्षं घरी ठेवून घेतलं. पोलिसात त्याला मीच घातलं आणि लिहायला-बोलायला मीच शिकवलं. आता सव्वीस वर्षांचा झाला, सार्जंटच्या परीक्षेला बसतोय. मेबल गेल्यापासून माझं म्हणावं असं तेवढंच उरलंय, तुला धरून. त्याच्याकडे जरा लक्ष असू दे.

तुझा विल्फ

*

वेदरशॉ, ४ नोव्हेंबर १९७४

प्रिय विल्फ,

तुझं भाकीत खरं ठरलं. काल रविवारीच दार वाजलं.

आधी हे ऐक. पंधरवड्यापूर्वी आमच्या चॅपलच्या छपरावरचे शिशाचे पत्रे कुणीतरी उचकटून नेले. पाऊस सरळ आत आला, प्रार्थनेची पुस्तकं फुगली आणि पेटीचा आवाज बसला. सगळं गाव चिडलंय आणि त्यात मी पहिली आहे. काल मांस भट्टीत होतं, पुडिंगचं पीठ फेटून तयार होतं आणि भांडं माझ्या काखेत होतं. दार उघडलं तर तुझा कॉलिन टोपी काढून उभा. किती देखणा दिसायला लागलाय रे तो.

टॅनर्स रो या गल्लीतल्या एका घरात संध्याकाळची जड पोती जाताना एका विश्वसनीय इसमाने पाहिली, असं त्याच्या कागदात होतं. नाव कुणा परक्या माणसाचं होतं. आईच्या बायबलवर हात ठेवून त्याने शपथ घेतली. मी विचारलं, "जेवलास का?" तो नाही म्हणाला. मग त्याने बोट ठेवलं तिथे मी सही केली आणि पार्किनचा, आपल्या आल्याच्या केकचा, चांगला जाड तुकडा कापून त्याच्या हातात दिला. आल्याचा वास घेऊन तो म्हणाला, मेबलकाकूंसारखा झालाय. कागदावर माझ्या अंगठ्याचं पीठ लागलं, ते त्याने फुंकून उडवलं.

पुडिंग मात्र छान फुगलं. तू असायला हवा होतास.

तुझी एडी

*

मोरकम, ८ नोव्हेंबर १९७४

प्रिय एडी,

शाब्बास. डॉक्टरांच्या वर गेलीस, त्यांनी कधी केक दिला नाही. शिसं सापडलं का ते कळव.

विल्फ

*

वेदरशॉ, २१ नोव्हेंबर १९७४

प्रिय विल्फ,

शिसं सापडलं नाही. बिटं सापडली.

ओल्हा नावाची एक युक्रेनियन बाई दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी माझ्याकडे लाल आणि काळा दोरा घ्यायला येते. गेली बारा वर्षं येते. घरात देवाच्या तसबिरीवर घालायच्या लांब कापडी पट्ट्या ती भरते. मोठं नेटकं काम आहे, एकदा मला दाखवायला आणलं होतं. मी तिला ओल्हा म्हणते, ती मला मिसेस एन्टविसल म्हणते. तिचं आडनाव मला लिहिता आलं नसतं, म्हणून मी कधी विचारलं नाही. या महिन्यातही आली होती, त्या रविवारच्या आदल्याच दिवशी. काल बुधवारी पुन्हा आली आणि काही न घेता काउंटरपाशी उभी राहिली.

ती म्हणाली, "त्या कागदाखाली तुमचं नाव होतं."

मी हातातली कात्री खाली ठेवली. मग ती म्हणाली, "तुम्ही मला ओळखता."

एवढंच बोलली. आवाजसुद्धा चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढचं मी इकडून तिकडून गोळा केलं. तिचा नवरा पेट्रो हावरिलुक मिलमध्ये आहे, लढाईनंतर इकडे आला. त्याच्या पोत्यांत त्याच्या मळ्यातली बिटं होती. ती लोकं तळघरात वाळूत पुरून ठेवतात आणि हिवाळाभर खातात. कॉलिनने आणि दोघांनी वाळू उपसली, बिटं जमिनीवर ओतली. तोवर पेट्रो गप्प उभा होता. मग कॉलिन कोपऱ्यातल्या तसबिरीकडे वळला, तिच्यावरची पट्टी ओढून काढली आणि मागे काही आहे का ते बघायला तसबीर भिंतीवरून उतरवू लागला. पेट्रोने त्याला ढकललं. कॉलिन कोळशाच्या बादलीवर पडला, कपाळाला दोन टाके पडले. ते तुला ठाऊक असेलच. तिकडे त्यांच्या गावी पोलिसांनी पेट्रोच्या बापाला असंच घर उलटंपालटं करून नेलं होतं आणि तो परत आला नाही.

आता पेट्रोवर कर्तव्य बजावणाऱ्या पोलिसाला मारहाण केल्याचा आरोप आहे. सव्वीस वर्षांनी त्यांनी इथल्या नागरिकत्वाचा अर्ज केलाय. शिक्षा झाली की तो अर्ज बारगळला. आणि इथला पासपोर्ट हातात असल्याशिवाय ओल्हा तिकडे आईला भेटायला पाऊल टाकू शकत नाही. आई एक्याऐंशी वर्षांची आहे.

विल्फ, तू तीस वर्षं हे काम केलंस म्हणून विचारते. हा विश्वसनीय इसम कोण असतो? त्याला कुणी कधी बघतं का?

एडी

*

मोरकम, २५ नोव्हेंबर १९७४

प्रिय एडी,

खबऱ्याचं नाव विचारायचं नसतं. विचारलं तर उद्या कुणी खबर देणार नाही. हे मॅजिस्ट्रेटला पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवं.

त्या माणसाचं मला वाईट वाटतं. पण आमच्या वर्दीवर हात टाकायचा आणि मग बापाची गोष्ट सांगायची, हे मी फार ऐकलंय. बाप प्रत्येकालाच असतो. कॉलिनच्या कपाळावर खूण राहणार आहे आणि त्याची परीक्षा मार्चमध्ये आहे.

सही तुझी आहे, तेव्हा या खटल्यात तू न्यायासनावर बसू नकोस. बाकी तोंड मिटून राहा. तुझं काम सही करायचं होतं, ते तू केलंस. शोधायला गेलेल्याला काही मिळालं नाही, तर त्याचा दोष सही करणाऱ्यावर येत नाही. कायदा तसाच आहे आणि बराच शहाणा आहे.

विल्फ

*

वेदरशॉ, १८ डिसेंबर १९७४

प्रिय विल्फ,

काल खटला झाला. मी न्यायासनावर नव्हते, मागच्या बाकावर डोक्याला स्कार्फ बांधून बसले होते. माझ्या जागी दुसरी बाई होती, बाकी हेडमास्तर आणि बेकरीवाले तेच. दोघं भली माणसं आहेत. कॉलिनने साक्ष दिली. शांत, स्वच्छ, जिथल्या तिथे. तू शिकवलेलं ऐकू येत होतं. मग डक्सबरी उभा राहिला आणि म्हणाला की वॉरंट मॅजिस्ट्रेटने पूर्ण खात्री करून घेऊन दिलं होतं, तेव्हा पोलीस त्या घरात कायद्यानेच होते, आणि कायद्याने आलेल्या पोलिसाला ढकलण्याचा हक्क कुणाला नाही. हेडमास्तरांनी मान डोलावली. मीही तिथे असते तर डोलावली असती. अठ्ठावीस दिवसांची कैद झाली. पेट्रोच्या वकिलाने तिथल्या तिथे अपील केलं, म्हणून तो जामिनावर घरी आहे. प्रेस्टनला क्राउन कोर्टात बारा फेब्रुवारीला न्यायाधीशापुढे सगळं पुन्हा पहिल्यापासून होईल.

पूर्ण खात्री करून घेऊन! विल्फ, मी तुला चार नोव्हेंबरला एक गोष्ट लिहिली नव्हती. माझा चष्मा त्या दिवशी दुकानात राहिला होता. कॉलिनने वाचलं ते मी अर्धं ऐकलं, कारण माझं लक्ष भट्टीकडे होतं, आणि कागद मी वाचलाच नाही. वाचला असता तर टॅनर्स रो चौदा दिसलं असतं. त्याच पत्त्यावर मी दर नाताळला दुकानाचं कार्ड टाकते. मी त्या बाईचं घर उघडून दिलं आणि मला ते कळलंही नाही. तुझा कॉलिन म्हणून, चॅपलचं छप्पर म्हणून, आणि पीठ बसून जाईल म्हणून.

मी ऑर्मरॉडना हे सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, मॅजिस्ट्रेटने सही का केली हे सांगायला तिला कुणी कोर्टात ओढू शकत नाही, कायद्याने ती मोकळी आहे. मी म्हटलं, आणि स्वतःहून गेली तर? ते बराच वेळ पेन पुसत बसले. म्हणाले, स्वतःहून जाणारी मी अजून पाहिली नाही, पण अडवणारा नियमही नाही.

मी जाणार आहे. पेट्रोच्या वकिलाला तसं कळवलंय. फक्त माझ्यापुरतं सांगेन. कॉलिनबद्दल मला काही ठाऊक नाही, म्हणून त्याच्याबद्दल काही बोलणार नाही.

एडी

*

वेदरशॉ, २० जानेवारी १९७५

प्रिय विल्फ,

नाताळ गेला, नवीन वर्ष आलं. तुझं कार्ड नाही, मी पाठवलेलं पुडिंग मिळालं की नाही तेही नाही. फोन केला तर तू उचलत नाहीस. शेजारच्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या की तू ठणठणीत आहेस, रोज किनाऱ्यावर फिरतोस.

रागावलास तर रागाव, पण लिहून रागाव. आपल्यात अबोला कधी टिकलेला नाही, आता या वयात नको शिकूया.

एडी

*

मोरकम, २ फेब्रुवारी १९७५

प्रिय एडी,

पुडिंग मिळालं. खाल्लं नाही.

गेल्या रविवारी कॉलिन आला होता. आम्ही ओहोटीच्या वेळी किनाऱ्याने बरेच लांब गेलो. तू साक्ष देणार हे त्याला कळलंय. मला वाटलं, तुझ्याविषयी तक्रार करायला आलाय. तसं नव्हतं. तो जे बोलला ते मी या पत्रात लिहीत नाही. पण माझं मला लिहायलाच हवं.

"मला एका विश्वसनीय इसमाकडून समजले" हे वाक्य मी त्याला माझ्या स्वयंपाकघरात शिकवलं. वहीत दहा वेळा लिहून घेतलं. मला ते माझ्या सार्जंटने शिकवलं होतं. कधी खरोखर इसम असायचा. कधी पबमधली कुजबुज असायची. आणि कधी नुसतं माझं नाक असायचं, एडी. मनाने सांगितलं की या घरात काहीतरी आहे, की मी ते वाक्य लिहायचो आणि डॉक्टर माझ्या पाठीवर सही करायचे. पुष्कळदा माझं नाक खरं ठरलं, आणि ते मी सगळ्यांना सांगत फिरलो. जिथे खोटं ठरलं तिथली माणसं कधी अपिलात गेली नाहीत. बिटं गोळा करून पुन्हा वाळूत पुरली असतील. मी त्यांची दारं विसरलो. आता रोज एकेक आठवतं.

कॉन्स्टेबलला खोटं बोलून काही मिळत नाही असं मी तुला लिहिलं होतं. मिळतं. आपण हुशार आहोत असं वाटायला मिळतं.

सोबत एक बंद पाकीट आहे. कॉलिन मला जे म्हणाला ते त्यात तारीख, वेळ आणि जागेसकट लिहून खाली सही केली आहे, रीतसर जबाब असतो तसं. फोडलंस तर तू मॅजिस्ट्रेट आहेस आणि त्याचं पुढे काय करायचं ते तुला माहीत आहे. त्यात कॉलिनची नोकरी जाईल, कदाचित तो तुरुंगातही जाईल. नाही फोडलंस तर चुलीत घाल, मी जन्मात विचारणार नाही. माझ्याने ठरवलं जात नाही. चार वर्षं मेबलने त्याला स्वतःच्या हाताने वाढलंय.

तुझा विल्फ

*

वेदरशॉ, ५ फेब्रुवारी १९७५

प्रिय विल्फ,

तुझं पत्र दुकान बंद करून वाचलं आणि रडले. एवढं खरं तू मला आयुष्यात कधी लिहिलं नव्हतंस.

पाकीट न फोडता परत पाठवते आहे. चुलीतही घातलेलं नाही.

रागावू नकोस, पण तू काय केलंस ते बघ. कागद लिहिलास, माझ्या दाराशी आणलास आणि आता म्हणतोस, एडी, तू ठरव. मायेच्या माणसाने आणलेला कागद मी एकदा न वाचता घेतला आणि एका घराची वाळू उपसली गेली. दुसऱ्यांदा घेणार नाही. मला जे ठाऊक आहे ते माझं मी सांगेन. तुला जे ठाऊक आहे ते तुझं आहे. ते ऐकायला प्रेस्टनला एक माणूस बसवलेला आहे, ज्याला तू कोण, मी कोण, मेबल कोण, काही माहीत नाही. तो त्याचसाठी तिथे बसलेला असतो.

मोरकमहून सकाळची गाडी वेळेवर असते. गुडघ्याला गरम पट्टी बांध.

तुझी एडी

*

वेदरशॉ, १६ फेब्रुवारी १९७५

प्रिय विल्फ,

बुधवारी दिवसभर तू बाहेरच्या बाकावर होतास आणि मी आत, मॅजिस्ट्रेट म्हणून मला आत बसू दिलं होतं. साक्षीदारांना आपापसांत बोलायचं नसतं म्हणून आपण एकमेकांना नुसती मान हलवली. मग तू कॉलिनला घेऊन गेलास. तो तुला आतलं काही सांगणार नाही, म्हणून मी लिहिते.

न्यायाधीश बारीक चणीचे, सर्दीने बेजार. एकीकडे रुमाल, एकीकडे पेन. दोन्ही बाजूंना आमच्यासारखे दोन मॅजिस्ट्रेट बसले होते, आमच्या गावचे नव्हते. कॉलिन पहिला उभा राहिला आणि डिसेंबरमध्ये बोलला तेच पुन्हा बोलला, पण या खेपेला त्याचा आवाज जिथल्या तिथे नव्हता. सकाळी आत येताना त्याने तुला बाकावर पाहिलं होतं. मांडीवरचं पाकीटही पाहिलं होतं. नंतर तो कोर्टात मागे बसला.

मग माझी पाळी. ज्या कठड्याकडे मी वरून बघते, तो आतून किती उंच लागतो ते कळलं. चष्म्याचं सांगितलं, कागद वाचला नाही ते सांगितलं. न्यायाधीशांनी रुमाल खाली ठेवला आणि विचारलं, "सही करण्यापूर्वी तुम्ही कॉन्स्टेबलला काय काय विचारलंत?"

मी म्हटलं, "मी त्याला विचारलं, जेवलास का."

सगळं कोर्ट हसलं. ओल्हा हसली नाही. न्यायाधीशही हसले नाहीत. मला ते शब्द पुन्हा म्हणायला लावून त्यांनी सावकाश लिहून घेतले. विल्फ, माझ्या तोंडून निघालेला इतका मायेचा प्रश्न मला कधी इतका लाजवील असं वाटलं नव्हतं.

मग त्यांनी कॉलिनला पुन्हा बोलावलं. आणि आधी काय सांगितलं ते ऐक. ते म्हणाले, ज्या उत्तराने तुमच्या स्वतःवरच आरोप येईल ते उत्तर द्यायला तुम्ही बांधलेले नाही, आणि गप्प राहिलात तर मी तुमच्यावर रागावणार नाही. डक्सबरीचा जीव भांड्यात पडलेला मला मागून दिसला. मग न्यायाधीशांनी विचारलं, खबर कुणी दिली होती. कॉलिन बंद दाराकडे बघत राहिला. त्याच्या पलीकडे तू होतास. बाहेरून कुणाच्या तरी चालण्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"कुणीच नाही, साहेब," तो म्हणाला. "पोती मीच पाहिली होती. बाकीचं मला वाटलं."

असं त्याने स्वतःहून सांगितलं. तुझं पाकीट कुणाला फोडावं लागलं नाही, आणि म्हणून तू ते आता खुशाल चुलीत घाल.

न्यायाधीश फार बोलले नाहीत. म्हणाले, संशय येणं हे पोलिसाचं काम आहे आणि त्यात वाईट काही नाही. पण त्याचा संशय आणि लोकांचं दार यांच्यामध्ये एक माणूस उभं केलेलं असतं, आणि त्या रविवारी मधे कुणीच नव्हतं. माझ्याकडे बघूनही बोलले नाहीत, पण ते वाक्य मी घरी घेऊन आले. मग पेट्रोची शिक्षा रद्द. त्याला आधी कळलंच नाही, ओल्हाने त्याच्या कानात सांगितलं. तो कॉलिनजवळ गेला आणि त्याच्या कपाळाकडे बघून मान खाली घातली. त्या दोघांमध्ये एवढंच झालं.

मी राजीनामा लिहून ऑर्मरॉडकडे नेला. ते म्हणाले, वर पाठवतो, ठेवायचं की काढायचं ते वरचे ठरवतील, पण तोवर तुमची पाळी चुकवू नका. काल ओल्हा दुकानात आली. पहिला शनिवार नव्हता. दोन लाल, एक काळा, एवढंच म्हणाली. मी दोरा बांधून दिला. मग पहिल्यांदाच तिचं आडनाव विचारलं आणि तिच्यासमोर वहीत लिहिलं. तिने एक अक्षर दुरुस्त केलं.

आज सकाळी दार वाजलं. नवा कॉन्स्टेबल, हातात वॉरंट. मी भट्टी बंद केली, चष्मा घातला, त्याला बसवलं आणि कागद दोनदा वाचला. मग विचारायला लागले. कुणी पाहिलं, कधी, किती लांबून, तुला ते कुणी सांगितलं, तू स्वतः काय पाहिलंस. चौथ्या प्रश्नाला त्याचे कान लाल झाले. आणखी चौकशी करून येतो म्हणाला आणि कागद घेऊन गेला. पुडिंग साफ बसलं. तसंच खाल्लं.

कॉलिनवर आता काय काय चालेल कुणास ठाऊक. वर्दी तर गेलीच. तो तुझ्याकडे राहिलाय हे बरं झालं. सोबत पार्किन पाठवते आहे, दोघांना पुरेल. त्याला समोर बसव आणि विचार, जेवलास का. तो प्रश्न यापुढे तू विचारत जा, विल्फ. मला दुसरे विचारायचे असतात.

तुझी एडी